शॅननची मर्यादा गाठल्यावर काय उरते?

एखादे शास्त्र संपले, असे त्याच शास्त्रात हयात घालवणाऱ्यांनी भर सभेत म्हणावे, हे क्वचितच घडते. १९७१ साली ते घडले. अमेरिकेत फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे संदेशवहनाच्या सिद्धांतावर एक कार्यशाळा भरली होती. तिथे नेड वेल्डन बोलायला उभे राहिले. चुका दुरुस्त करणाऱ्या कोडांवरच्या एका प्रमाणभूत पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक. त्यांनी पडद्यावर एकच चित्र दाखवले : अपुऱ्या जागेत दीर्घकाळ कोंडून ठेवलेल्या उंदरांचे. आपण कोडवाले असेच एकमेकांत कोंडले गेलो आहोत, बाहेरच्या जगाशी आपला संबंध उरलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सभेची लेखी नोंद राहिलेली नाही. रॉबर्ट लकी यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या आठवणींवरून आणि इतरांच्या सांगण्यावरून ती आपल्याला कळते. ‘कोडिंग संपले’ हीच तिची ओळख कायम झाली. याच आठवणींत मागच्या रांगेतून उठलेले अर्विन जेकब्सही आहेत. त्यांनी हातातली एक इलेक्ट्रॉनिक चिप उंचावली आणि कोडिंगचे भवितव्य या वस्तूत आहे, असे सांगितले.

इथे कोडिंग म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिणे नव्हे. वाटेत बिघडलेला संदेश पलीकडच्या टोकाला दुरुस्त करता यावा, म्हणून त्यात हिशेबाने जादा चिन्हे मिसळण्याचे हे शास्त्र. मोबाइलवरचे बोलणे, हार्ड डिस्कवरचा फोटो, मंगळावरून येणारे चित्र, यांतले काहीही त्याच्याविना चालत नाही. या शास्त्राचे मूळ उद्दिष्ट आता साध्य झाले आहे, असे जाणकारांपैकी अनेक जण मानतात. तितकेच जाणकार असलेले दुसरे अनेक जण मानतात की जे साध्य झाले तो मूळ प्रश्नाचा एक सोयीचा भाग होता. हा वाद आज कुठे येऊन पोचला आहे, ते पाहायचे आहे.

एकाच प्रयोगशाळेतले दोन प्रश्न

१९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात क्लॉड शॅनन यांचा दीर्घ निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य निष्कर्ष तेव्हाच्या अभियंत्यांना पटायला जड होता. तारेवर किंवा रेडिओलहरींवर गोंगाट असतो आणि त्यामुळे चुका होतात. चुका कमी करायच्या तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाठवावी लागणार, म्हणजे वेग घटवावा लागणार, अशी सर्वांची समजूत होती. शॅनन यांनी दाखवले की प्रत्येक वाहिनीला एक ठरावीक क्षमता असते. तिच्याहून थोड्या कमी वेगाने माहिती पाठवली, तर वेग आणखी न घटवता चुकांचे प्रमाण हवे तितके खाली आणता येते. क्षमतेच्या वर गेलात तर कोणतीही युक्ती चालत नाही. हीच शॅननची मर्यादा.

सिद्धतेत मात्र एक मोठी पोकळी होती. यदृच्छेने निवडलेले कोड सरासरीने चांगले निघतात, म्हणून चांगला कोड अस्तित्वात असलाच पाहिजे, असा शॅनन यांचा युक्तिवाद. तो कोड नेमका कोणता, हे निबंधात कुठेच नाही. शिवाय असा कोड हाती आला तरी तो उलगडायचा कसा? शंभर बिटांच्या संदेशासाठी दोनचा शंभरावा घात इतक्या शक्यता असतात. त्या एकेक करून तपासणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही.

रिचर्ड हॅमिंग त्याच प्रयोगशाळेत होते आणि त्यांची अडचण अगदी हाताशी होती. रिलेवर चालणारे गणकयंत्र सुट्टीच्या दिवशी माणसाविना चालू असायचे. चूक आढळली की ते काम अर्धवट टाकून पुढच्या कामाला लागायचे. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असा विचार हॅमिंग यांनी केला. त्यांचा आजही वर्गात पहिल्यांदा शिकवला जाणारा कोड सात बिटांचा आहे. त्यात चार बिट माहितीचे आणि तीन तपासणीचे. तीन तपासण्यांची हो-नाही उत्तरे एकत्र लिहिली की शून्य ते सात यांपैकी एक आकडा मिळतो. शून्य म्हणजे सर्व ठीक, बाकीचा प्रत्येक आकडा त्या क्रमांकाच्या बिटाकडे बोट दाखवतो. आठ उत्तरे आणि आठ शक्यता, एकही वाया जात नाही. शॅनन यांच्या निबंधातच हा कोड उदाहरण म्हणून आलेला आहे. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध पेटंटच्या कारणाने १९५० पर्यंत रखडला आणि दरम्यान १९४९ साली मार्सेल गोले यांनी एका छोट्या टिपणात ही कल्पना पुढे नेली.

या दोघांचे प्रश्न वेगळे होते, आणि पुढचा सगळा वाद या वेगळेपणातून आला आहे. शॅनन विचारतात : गोंगाट यदृच्छेने होतो असे धरले आणि संदेश हवा तितका लांब घेऊ दिला, तर सरासरीने किती वेग गाठता येईल? हॅमिंग विचारतात : ठरावीक लांबीचे शब्द एकमेकांपासून किती दूर ठेवता येतील, म्हणजे अमुक इतक्या चुका झाल्या तरी, कशाही झाल्या तरी, दुरुस्त होतीलच? पहिल्यात संभाव्यता आहे, दुसऱ्यात हमी.

बीजगणिताची दोन दशके

पहिली वीस-पंचवीस वर्षे हॅमिंग यांच्या प्रश्नाची होती, आणि त्यात भारतीय गणितज्ञांचा वाटा मोठा आहे. राज चंद्र बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडले. शेतीतल्या प्रयोगांची मांडणी कशी करावी, कोणत्या वाफ्यात कोणते वाण आणि कोणते खत घालावे म्हणजे निष्कर्ष निर्दोष येतील, हा तिथला विषय. त्यासाठी लागणाऱ्या संयोजनाच्या आणि सांत क्षेत्रांच्या गणितात बोस मुरले होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेल्यावर त्यांनी आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधरी यांनी १९६० साली तेच गणित कोडांना लावले. फ्रान्समध्ये अलेक्सी ओकेंगेम त्याच्या आदल्या वर्षी स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. तिघांच्या आद्याक्षरांवरून हे कोड ‘बीसीएच’ म्हणून ओळखले जातात. किती चुका दुरुस्त व्हाव्यात ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे कोड रचा, अशी सोय यांनी पहिल्यांदा करून दिली.

बोस यांचे विद्यार्थी शरदचंद्र शंकर श्रीखंडे नागपूरला शिकलेले. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली वयाच्या १०२ व्या वर्षी वारले. बोस आणि पार्कर यांच्यासह १९५९ साली त्यांनी लॅटिन चौरसांबद्दलचा ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांचा तर्क खोडून काढला, हे आपल्याकडे बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोडरचनेवर एक टिपण लिहून हॅडामार्ड सारण्या आणि कोड यांचा संबंध मांडला. त्याची आठवण मराठीत फारशी कोणी काढत नाही, आणि ती काढायला हवी असे मला वाटते.

१९६० सालचाच रीड आणि सॉलोमन यांचा कोड सर्वांत दीर्घायुषी ठरला. तो सुट्या बिटांऐवजी बिटांच्या गटांवर चालतो, त्यामुळे सलग आलेली मोठी चूकही त्याच्या हिशेबी थोड्याच गटांची चूक असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा, म्हणजे जवळपास चार हजार सलग बिट, तो पूर्ण भरून काढू शकत असे. आज भाजीच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड कोपऱ्यात फाटला, त्यावर चिखल उडाला, तरी पैसे भरता येतात ते याच गणितामुळे. क्यूआरच्या चार पातळ्यांपैकी सर्वांत भक्कम पातळीत सुमारे तीस टक्के भाग गेला तरी मजकूर परत मिळतो.

मग १९७१ मध्ये निराशा कशाची होती? कोड सुंदर होते, पण शॅनन यांच्या क्षमतेपासून खूप दूर होते. लांबी वाढवत नेली की बीजगणिती कोडांची कामगिरी घसरत जाई. संभाव्यतेच्या वाटेने जाणाऱ्यांकडे क्रमाक्रमाने उलगडण्याची पद्धत होती, पण क्षमतेच्या बऱ्याच अलीकडे तिचे कष्ट अमर्याद वाढत. ती अलीकडची रेषा हीच व्यवहारातली खरी मर्यादा, असे अनेकांनी मनाशी धरले होते. टेलिफोनच्या तारांवर तर कोडांचा फायदाच दिसत नव्हता. अपवाद होता अंतराळाचा, कारण तिथे वीज कमी आणि लहरींची जागा भरपूर. त्याच १९७१ साली मंगळाभोवती पोचलेल्या मरिनर ९ यानाने बत्तीस बिटांचा कोड वापरला होता. त्यात सहा बिट माहितीचे, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला ६४ छटा, आणि बत्तिसांपैकी सात बिट बिघडले तरी दुरुस्तीची हमी. हा कोड रीड-मुलर या १९५४ मधल्या घराण्यातला आणि हॅडामार्ड सारणीतूनच निघणारा.

जे कोणाला खरे वाटले नाही

१९९३ साली जिनिव्हाच्या परिषदेत क्लोद बेरू, अलँ ग्लाव्यू आणि पुण्य थितिमज्शिमा यांनी ‘टर्बो कोड’ मांडले. शॅननच्या मर्यादेपासून ०.७ डेसिबल इतक्या जवळ आल्याचा त्यांचा दावा होता. तोवर याच्या जवळपासही कोणी गेले नव्हते. हिशेबात कुठेतरी तीन डेसिबलची चूक झाली असावी, अशी तज्ज्ञांची पहिली प्रतिक्रिया होती. मग एकेका प्रयोगशाळेने तो प्रयोग करून पाहिला आणि आकडे बरोबर निघाले. युक्ती दोन साध्या कोडांची. एकच माहिती दोनदा, दुसऱ्यांदा तिचा क्रम विस्कटून, कोडात बांधायची. उलगडताना दोन्ही उलगडकांनी आपापला अंदाज एकमेकांना कळवत राहायचे. ‘हा बिट एक आहे’ एवढेच न सांगता ‘एक असण्याची शक्यता इतकी’ असे सांगायचे. काही फेऱ्यांत दोघांचे एकमत होते. ही पद्धत इतकी चांगली का चालते, याची समाधानकारक सिद्धता मात्र मांडणाऱ्यांकडे नव्हती.

टर्बोने आणखी एक गोष्ट घडवली. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात विरळ तपासण्यांचे कोड मांडले होते. प्रत्येक तपासणीत मोजकेच बिट, आणि उलगडाही असाच अंदाजांच्या देवाणघेवाणीने. त्या काळच्या यंत्रांना ते झेपण्यासारखे नव्हते आणि विषय मागे पडला. १९८१ साली मायकेल टॅनर यांनी त्यांना आलेखाची भाषा दिली, तरीही फारसे कोणी वळून पाहिले नाही. टर्बोनंतर डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी ते पुन्हा वर काढले. २००१ मध्ये चुंग, फॉर्नी, रिचर्डसन आणि उर्बांके यांनी या जातीच्या कोडांसाठी मर्यादेपासून ०.००४५ डेसिबल इतके अंतर दाखवले. हे अंतर अतिशय लांब कोडांसाठी आहे, पण त्या आकड्यानंतर ‘मर्यादा गाठली’ हे शब्द वापरायला कोणाला संकोच वाटेनासा झाला. जेकब्स यांनी तीस वर्षांपूर्वी हातात धरलेल्या चिपचा अर्थही इथे कळतो. गॅलेगर यांची कल्पना बदलली नव्हती, तिला झेपणारे यंत्र आले होते.

सिद्धता अजून बाकी होती. ती २००९ साली अंकाराच्या बिल्केंत विद्यापीठातील एर्दाल आरिकान यांनी दिली. हे गॅलेगर यांचेच विद्यार्थी. त्यांच्या ‘ध्रुवीय’ कोडांत एका ठरावीक क्रियेने वाहिन्यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा एकत्र केल्या जातात. त्यातून काही वाहिन्या जवळपास निर्दोष होतात, काही जवळपास निरुपयोगी, आणि निर्दोष झालेल्यांचे प्रमाण बरोबर क्षमतेइतके भरते. माहिती निर्दोष वाहिन्यांवरून पाठवायची, बाकीच्या गोठवून टाकायच्या. रचना स्पष्ट, उलगडा झटपट, आणि क्षमता गाठते हे सिद्ध. सममित वाहिन्यांपुरता शॅनन यांचा आराखडा ६१ वर्षांनी पूर्ण झाला. २०१६ साली ५जी फोनांचे मानक ठरताना मजकुरासाठी गॅलेगर यांच्या घराण्यातले कोड आणि नियंत्रणाच्या छोट्या संदेशांसाठी आरिकान यांचे, अशी वाटणी झाली.

‘काम झाले’ म्हणणाऱ्यांची बाजू

या मताला वजन आहे. एक पाठवणारा, एक घेणारा, यदृच्छेने होणारा गोंगाट आणि पुरेसा लांब संदेश, या चौकटीत आता सुधारायला डेसिबलचा लहानसा अंश उरला आहे. तो मिळवायला लागणारी वीज आणि चिपची जागा पाहता ती सुधारणा परवडतेच असे नाही. विषय परिपक्व झाला, आता तो कारखान्यांच्या हाती द्यावा आणि तरुणांनी दुसरीकडे वळावे, असे म्हणणारे लोक विषयाचे वैरी नाहीत. त्यांतल्या काहींनी स्वतः ही मर्यादा गाठण्यात हातभार लावला आहे.

याच चौकटीत अलीकडे जे घडले, त्याने मात्र या मतालाही थोडा धक्का दिला. ज्या रीड-मुलर कोडांना अभियंत्यांनी १९७० च्या दशकानंतर बाजूला ठेवले होते, तेच कोड पुसल्या जाणाऱ्या बिटांच्या वाहिनीवर क्षमता गाठतात, हे २०१५ च्या सुमारास कुदेकर, कुमार, मोंदेल्ली, फिस्टर, शाशोग्लू आणि उर्बांके यांनी सिद्ध केले. वापरलेले साधन होते कोडाची सममिती. त्यानंतर रीव्ह्ज आणि फिस्टर यांनी आणि २०२३ मध्ये आबे आणि सँडन यांनी सर्वसाधारण सममित वाहिन्यांसाठी हा निष्कर्ष पूर्ण केला. म्हणजे चांगला कोड १९५४ पासून समोरच होता, तो चांगला आहे हे कळायला जवळपास सत्तर वर्षे गेली. क्षमतेच्या जवळ हे कोड झटपट उलगडण्याची पद्धत अजूनही कोणाकडे नाही.

छोटे संदेश

दुसऱ्या मताची माणसे ‘पुरेसा लांब’ या शब्दांवर बोट ठेवतात. कारखान्यातल्या यंत्रमानवाला थांबण्याचा आदेश द्यायचा असेल, तर लाखभर बिट गोळा होईपर्यंत वाट पाहता येत नाही. मग शंभर-दोनशे बिटांत उत्तम काय साधते? १९६२ साली फोल्कर श्ट्रासेन यांनी या दिशेने पाया घातला होता. २०१० मध्ये पोल्यान्स्की, पूअर आणि व्हेर्दू यांनी त्याला व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले. त्यांच्या सूत्राचा सारांश असा, की लांबी मर्यादित असल्याने क्षमतेत पडणारी तूट लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. लांबी चौपट केली की तूट निम्मी होते.

यामुळे मोजपट्टीच बदलली. छोट्या लांबीला टर्बो आणि विरळ तपासण्यांचे कोड मागे पडतात, आणि आरिकान यांचे मूळ कोडही इथे साधारणच होते. इदो ताल आणि अलेक्झांडर वार्डी यांनी उलगडताना एकाऐवजी अनेक संभाव्य उत्तरांची यादी सांभाळली, शेवटी एका तपासणीने तीतून बरोबर उत्तर निवडले, आणि तेव्हा कुठे ते कोड पुढे आले. डफी, ली आणि मेदार यांनी तर उलट्या बाजूने सुरुवात केली. संदेश कोणता असेल हे न शोधता गोंगाट कोणता झाला असेल, याचा अंदाज सर्वांत संभाव्य गोंगाटापासून क्रमाने करत जायचे. जादा बिट थोडे असतील तर हे कोणत्याही कोडावर चालते. कोणती वाट टिकेल, हे आज सांगणे घाईचे होईल.

हमीचा प्रश्न

हॅमिंग यांचा प्रश्न या सगळ्या यशाने सुटलेला नाही, हे सर्वसामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोचते. लांबीच्या ठरावीक प्रमाणात चुका दुरुस्त करायच्या, तर जास्तीत जास्त किती माहिती पाठवता येईल? गिल्बर्ट आणि वर्शामोव यांनी १९५० च्या दशकात दाखवले की निदान इतकी जमेलच. मॅकएलिस आणि तीन सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले की याहून जास्त जमणारच नाही. बिटांच्या कोडांसाठी या दोन रेषांमधले अंतर तेव्हापासून तसेच आहे. मोठ्या चिन्हसंचांसाठी त्स्फास्मान, व्लादुत आणि त्सिंक यांनी १९८२ मध्ये बैजिक भूमितीतून खालची रेषा ओलांडली आणि सगळे चकित झाले. बिटांच्या बाबतीत ती ओलांडता येते की नाही, हेसुद्धा ठाऊक नाही.

छोटी उदाहरणेही तितकीच हट्टी आहेत. २४ लांबीचा गोले कोड, ४८ लांबीचा त्याचा भाऊबंद, आणि मग ७२ लांबीचा तसाच कोड असावा का, हा प्रश्न नील स्लोन यांनी १९७३ साली विचारला. असा कोड असलाच तर त्यात जवळजवळ काही सममिती नसणार, एवढे एकेक शक्यता बाद करत दाखवले गेले आहे. तो मात्र सापडलेला नाही, आणि नाहीच असेही सिद्ध झालेले नाही.

या बाजूच्या लोकांचा मेळावा वेगळा भरत आला. १९८८ साली बल्गेरियातील वार्ना येथे बीजगणिती आणि संयोजनात्मक कोडिंग सिद्धांतावरची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा सुरू झाली. सोफियाची गणितसंस्था आणि मॉस्कोची माहिती-प्रेषण समस्यांची संस्था यांनी ती दर दोन वर्षांनी एकदा बल्गेरियात, एकदा रशियात अशी अनेक वर्षे भरवली. सोव्हिएत परंपरेत लेव्हेनश्टेइन, गोप्पा, पिन्स्कर, झ्याब्लोव यांनी जे काम केले, त्यातले बरेचसे पश्चिमेत उशिरा पोचले. अशा मेळाव्यांनी ती दरी बुजवायला मदत केली. अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या माहिती सिद्धांत कार्यशाळा जगभर फिरतात; २००२ मध्ये त्यांतली एक बंगळुरूला झाली, २०२२ च्या नोव्हेंबरात एक मुंबईला. तिथला भर वाहिन्या, जाळी आणि संभाव्यतेवर असतो. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचे निबंध वाचता येतात, पण ‘चांगला कोड’ कशाला म्हणायचे याची त्यांची उत्तरे अजूनही वेगवेगळी आहेत. त्यांतले एक उत्तर जुने आणि दुसरे नवे, असे मी मानत नाही. रीड-मुलर कोडांची कहाणी दोन्ही उत्तरे एकमेकांना लागतात हेच दाखवते.

दोनापेक्षा जास्त माणसे

एक पाठवणारा आणि एक घेणारा यांच्या पलीकडे गेलो की मूलभूत क्षमतासुद्धा ठाऊक नसतात. मध्ये एक मदतनीस ठेवला तर किती वेग मिळेल, हा प्रश्न व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये मांडला. कव्हर आणि अल गमाल यांनी १९७९ मध्ये काही महत्त्वाच्या प्रकारांत तो सोडवला. सर्वसाधारण उत्तर आजही नाही. दोन जोड्या एकाच वेळी बोलत असून एकमेकांच्या आड येत असतील, तर एत्किन, त्से आणि वांग यांच्या २००८ च्या निबंधाने एका बिटाच्या फरकापर्यंत उत्तर दिले. अचूक उत्तर अजून सापडायचे आहे. जाळ्यातल्या मधल्या थांब्यांनी माहिती नुसती पुढे न ढकलता एकमेकींत मिसळून पाठवावी, ही अल्सवेडे, चाय, ली आणि युंग यांची २००० सालची कल्पना गणितात फार फळली. इंटरनेटच्या व्यवहारात तिला अपेक्षेइतकी जागा मिळाली नाही.

नव्या वाहिन्या

शॅनन यांच्या डोळ्यांसमोर तार आणि रेडिओ होते. आजच्या वाहिन्या कित्येकदा त्या साच्यात बसत नाहीत.

डीएनएचे उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये जॉर्ज चर्च यांच्या गटाने आणि २०१३ मध्ये निक गोल्डमन यांच्या गटाने कृत्रिम डीएनएत फायली साठवून परत वाचल्या. २०१७ मध्ये अर्लिख आणि झिएलिन्स्की यांनी एका ग्रॅममागे २१५ पेटाबाइट इतकी घनता दाखवली. इथे होणाऱ्या चुका विचित्र असतात. अक्षर बदलते तसेच ते गळते, किंवा मध्येच नवे घुसते. एक अक्षर गळले की पुढची सगळी अक्षरे एका घराने सरकतात, आणि हॅमिंग यांच्या अंतराचा काही उपयोग राहत नाही. एक गळती दुरुस्त करणारा कोड वर्शामोव आणि तेनेनगोल्त्स यांच्या १९६५ च्या रचनेतून लेव्हेनश्टेइन यांनी दाखवला होता. परंतु प्रत्येक बिट ठरावीक शक्यतेने गळतो, एवढ्या साध्या वाहिनीची नेमकी क्षमता किती, याचे सूत्र आजतागायत नाही. खालच्या-वरच्या मर्यादा आहेत, उत्तर नाही. माझ्या मते ‘काम झाले’ या मताला दिलेले हे सर्वांत सरळ उत्तर आहे.

क्वांटम संगणकात अडचण आणखी वेगळी. तिथे क्युबिटची, म्हणजे क्वांटम बिटाची, नक्कल करता येत नाही आणि पाहायला गेले की स्थिती मोडते. तरीही दुरुस्ती शक्य आहे, हे पीटर शोर यांनी १९९५ मध्ये नऊ क्युबिटांच्या कोडाने दाखवले. २०२४ च्या अखेरीस गुगलने १०१ क्युबिटांवर अंतर सात असलेला कोड चालवून, कोड मोठा केला की चुका खरोखर घटतात, हे प्रयोगाने दाखवले. सिद्धांतात २०२१ मध्ये पान्तेलेएव आणि कालाचोव यांनी गॅलेगर यांच्या विरळ तपासण्यांच्या धर्तीवर असे क्वांटम कोड दिले, की ज्यांत माहिती व अंतर दोन्ही लांबीच्या प्रमाणात वाढत जातात. त्यांचे प्रत्यक्ष यंत्रात रूपांतर करायचे तर दूरदूरचे क्युबिट जोडावे लागतात. ते कितपत जमेल यावर पदार्थवैज्ञानिकांत मतभेद आहेत.

आणि गुप्ततेचे क्षेत्र. कोणताही सर्वसाधारण रेषीय कोड उत्तम रीतीने उलगडणे अवघड आहे, हे बर्लेकँप, मॅकएलिस आणि व्हॅन टिलबॉर्ग यांनी १९७८ मध्ये दाखवले. अभियंत्याला अडसर असलेली ही गोष्ट मॅकएलिस यांनी त्याच वर्षी कुलूप म्हणून वापरली. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून कोडांवर आधारलेली ‘एचक्यूसी’ ही पद्धत निवडली.

यंत्राने शिकलेले कोड

सर्वांत ताजा मतभेद कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. २०१६ च्या सुमारास नाखमनी आणि सहकाऱ्यांनी गॅलेगर यांच्या उलगड्यातल्या अंदाजांना न्यूरल जाळ्याने वजने शिकवून छोट्या कोडांवर सुधारणा दाखवली. नंतर कोड रचण्याचेही काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न झाले. घेणारा पाठवणाऱ्याला उलट कळवू शकतो अशा वाहिन्यांवर त्यांना चांगले यश मिळाले. समर्थक म्हणतात की ज्या वाहिन्यांचे गणित लिहिताच येत नाही, तिथे शिकणे हाच मार्ग आहे. शंका घेणारे म्हणतात की शंभर बिटांचे सगळे संदेश कधीच दाखवता येणार नाहीत, आणि लांब कोडांत माणसाने गणिताने रचलेले कोड अजून पुढेच आहेत.

यात एक अडचण दोन्ही बाजू मान्य करतात. समुद्राखालच्या प्रकाशतंतूंवर दहाच्या पंधराव्या घातात एक, म्हणजे हजार लाख कोटी बिटांत एखादीच चूक चालते. इतकी दुर्मीळ चूक चाचणीने खात्रीलायक मोजायची, तर निदान शंभर चुका दिसेपर्यंत, म्हणजे दहाच्या सतराव्या घाताइतके बिट चालवून पाहावे लागतील. संगणकावरच्या नकली वाहिनीत ते जमत नाही, म्हणून इथे भरवसा कोडाच्या रचनेवरून काढलेल्या हिशेबावर ठेवावा लागतो. शिकलेल्या कोडाबद्दल असा हिशेब कसा करायचा, याची मान्य पद्धत अजून तयार झालेली नाही.